कॉम्प्युटर लवकर चालू करून देतो म्हणाले आणि ९४,९९८ रुपये घेऊन गेले

जुना कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो म्हणून इंटरनेटवर कंपनीच्या नावानं 'कस्टमर केअर'चा नंबर शोधू नका. पुढचं वाचायला कुणाला वेळ नसला तरी एवढं डोक्यात राहावं म्हणून आधीच लिहिते. माझे ९४,९९८ रुपये गेले. ४९९, ६,९९९, ४९,००० आणि ३८,५००. पहिल्या दोन रकमा गोड बोलून माझ्याकडून घेतल्या, पुढच्या दोन मला न विचारता खात्यातून काढल्या. हा फरक बँकेला समजून घ्यायचाच नाहीये, पण मला तो फार महत्त्वाचा आहे.

मी मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या काही दुकानांचे हिशोब घरी बसून लिहिते. आडत, किराणा, एक कापडाचं दुकान. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी आणि जीएसटीचे रिटर्न हेच माझं रोजचं काम, त्यामुळं 'बायांना यातलं कळत नाही म्हणून फसतात' हे मला कुणी ऐकवू नये. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याच ठाण्यात आणि त्याच बँकेत मला अजून चकरा मारायच्या आहेत. मराठवाड्यातलं गाव आहे, एवढं पुरे.

कॉम्प्युटर जुना. चार जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क, विंडोज १०. बटण दाबलं की ते गोल फिरतच राहायचं, आणि डेस्कटॉप दिसला तरी टॅली उघडेपर्यंत स्वयंपाकातली एखादी भाजी होऊन जायची. यंदा नोव्हेंबरात सगळंच अंगावर आलं होतं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन भिजलं, आवक लांबली आणि दिवाळीनंतर सगळ्या हिशोबपट्ट्या एकदम माझ्यापुढं येऊन पडल्या. ११ तारखेच्या आत कापडवाल्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायचं होतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती माझ्याच मेहनतान्यातून कापली जाते.

गावातल्या रिपेअरवाल्या भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. २,४०० रुपये. पण मशीन दोन दिवस ठेवून जावं लागंल." एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क. मला वाटलं, गिऱ्हाईक दिसलं की पार्ट बदलायला सांगतात. आणि त्या आठवड्यात मशीन दोन दिवस सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी नंबर शोधला आणि सगळ्यात वर आला तो लावला. वरच्या ओळीला बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. म्हणजे कुणीतरी पैसे भरून ती ओळ वर आणलेली असते. ते अक्षर एकदा डोळे फाडून वाचत जा.

पुढची रीत तुम्हाला माहीतच आहे. हिंदीत अदबीनं बोलणारा माणूस, "मॅडम, बिल्कुल टेन्शन मत लीजिए", मग दुरून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर उतरवायला लावणं, नऊ-दहा आकडी नंबर विचारणं. ही सॉफ्टवेअरं मुळात वाईट नाहीत. टॅलीची दुरुस्ती आमच्याकडं अशीच होते, टॅलीवाले कायम दुरूनच बघतात. मग मला संशय येणार कसा?

त्यानं आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, खाली सरकवावं तितके. "देखिए, कितने एरर हैं." आता सांगते, इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची रोजकीर्द आहे. एखादी सेवा सेकंदभर उशिरा सुरू झाली तरी तिथं नोंद पडते. आत्ता दुकानातून आणलेल्या कोऱ्या मशीनवरही लाल खुणा दिसतात. घरचा कॉम्प्युटर उघडून स्वतः बघा, म्हणजे उद्या कुणी दाखवल्या तर छातीत धस्स होणार नाही.

नंतर त्यानं जे केलं त्यानंच माझा विश्वास बसला. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, उघडली आणि प्रिंटरचं, व्हिडिओ कॉलचं, क्लाउडचं अशी पाच-सहा नावं डिसेबल केली. मशीन रिस्टार्ट केलं. आणि खरोखरच आधीपेक्षा लवकर चालू झालं! माझ्या डोळ्यांदेखत. काम झालं म्हणून मी ४९९ रुपये दिले, आणि त्या घटकेला माझ्या जागी कुणीही असतं तरी दिले असते. हे काम फुकटचं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, स्टार्टअपमध्ये जा, जे चालू होताना लागत नाही ते डिसेबल करा. अँटीव्हायरस आणि टचपॅडच्या नावाला हात लावू नका. एवढंच. तेवढ्याचे त्यानं ४९९ घेतले, आणि खरी लूट तर त्यानंतरच सुरू झाली.

मग त्यानं एमएसकॉन्फिग ही विंडोजचीच सेटिंगची खिडकी उघडून सर्व्हिसेसची यादी दाखवली. कितीतरी ओळींपुढं 'स्टॉप्ड' लिहिलेलं. "मॅडम, आपकी सिक्युरिटी किसी ने बंद कर दी है." विंडोजच्या कितीतरी सेवा गरज लागेपर्यंत बंदच असतात, ते तसंच असायला हवं. पण त्याच्या जोडीला त्यानं एक खरी गोष्ट सांगितली. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. हे मी स्वतः वाचलेलं होतं. ते खरं म्हणून बाकीचंही खरं वाटलं. तीन वर्षांचं संरक्षण, ६,९९९ रुपये.

आणि इथं तो क्षण आहे. रोज रात्री तोच डोळ्यापुढं येतो. यूपीआयवर रक्कम टाकली तेव्हा वर नाव आलं ते एका माणसाचं. पहिले ४९९ घेतले तेव्हा कुठल्यातरी एंटरप्रायजेसचं नाव होतं, आता साधं नाव-आडनाव. मी दिवसभर करते काय? कुणाच्या नावावर पैसे गेले आणि पावती कुणाच्या नावाची, हेच जुळवते. नाव जुळलं नाही की व्हाऊचर परत पाठवते. मी त्याला विचारलंही, "ये किसका नाम है?" तो म्हणाला, "हमारे अकाउंट्स मॅनेजर हैं, कंपनी का लिमिट आज फुल हो गया." आणि मी पिन टाकला. का, तर आमच्या मोंढ्यात निम्म्या दुकानांचे क्यूआर मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावावर असतात. आडतीचे पैसे पुतण्याच्या खात्यात घेतात आणि मी ते रोज नोंदवते. ज्या गावात सगळ्यांचं असंच चालतं, तिथं एका नावावरून माझ्यावर बोट ठेवायचं कारण नाही. पण ते नाव त्या हिरव्या पट्टीवर होतं आणि मी ते वाचलं होतं, ही गोष्ट मला जाळत राहते. पिन टाकायच्या आधी वरचं नाव बघा. कंपनी म्हणवणारा कुणा इसमाच्या नावावर पैसे मागतोय म्हणजे तो चोरच, मग तुमच्या गावात चाल काही का असेना.

पुढं त्यानं सांगितलं, मोठा प्लॅन घेतला म्हणून ४९९ परत येतील, नेटबँकिंग उघडून बघा. मी उघडलं. दोनेक मिनिटं स्क्रीन काळी पडली. "स्कॅन चल रहा है." प्लॅन मोबाईललाही लागू आहे म्हणून व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवलं, त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली. मग म्हणाला, "रात को बंद मत करना, नहीं तो विंडोज उड जायेगा." जीएसटीचं सगळं काम त्या मशीनमध्ये. कोण बंद करणार?

रात्री ११:५२ ला ४९,००० गेले. १२:०७ ला ३८,५००. तारीख बदलली की रोजची मर्यादा नव्यानं सुरू होते, म्हणून मध्यरात्रीच्या अलीकडं-पलीकडं काढतात. मला एकही मेसेज दिसला नाही, त्या ॲपनं ते परस्पर वाचून पुसले. सकाळी खातं उघडलं तेव्हा कळलं. त्यात लेकीच्या लातूरच्या क्लासचा दुसरा हप्ता होता.

रविवार. बँक बंद. टोल-फ्रीवर एक दाबा, दोन दाबा, कार्ड ब्लॉक करायचं असेल तर तीन दाबा. नेटबँकिंग बंद करायला कितवं बटण दाबायचं ते त्यांच्या यादीतच नव्हतं. ठाण्यात गेले तर हवालदारांचा पहिला प्रश्न, "मिस्टर कुठंयत?" खातं माझं, पैसे माझे, कष्ट माझे. मिस्टरांचा काय संबंध? मग म्हणाले, साहेब निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेलेत, आयटी कायद्याचा तपास पीआयनाच, म्हणजे पोलीस निरीक्षकांनाच, करता येतो, उद्या या. तपास पीआय दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा हे खरं आहे, पण म्हणून तक्रारच घ्यायची नाही असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात खबर देता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नाही घेतली तर तीच खबर लेखी करून पोस्टानं एसपींना पाठवता येते. मी रजिस्टरनं पाठवली, त्यानंतर नोंद झाली. त्याआधी मला जिल्ह्याला पाठवलं होतं, तिथं म्हणाले तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. पत्र आणायला आले तर म्हणाले, आधी सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर करा. आणि शेवटी ४९९ आणि ६,९९९ तक्रारीत धरायलाच तयार नव्हते. "ते तर तुम्ही स्वतः दिले की." खोटं बोलून घेतले ते! कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं की आयटी कायद्याचं कलम ६६-ड लागतं, पैसे स्वतः दिले म्हणून ते उडत नाही.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ठाण्यात मला कुणी सांगितला नाही. दुपारी लातूरहून लेकीनं फोनवर सांगितला. पैसे गेले की आधी १९३० लावा, मग ठाण्याची पायरी चढा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि सापडला तेवढाच अडवता येतो. माझे ११,२४० रुपये एका खात्यात होल्डवर अडकले, बाकीचे तोवर गेले होते. सकाळी सकाळी कुणी सांगितलं असतं तर किती अडकले असते? याचं उत्तर कोण देणार मला? त्या ११,२४० साठीही मला कोर्टात अर्ज करावा लागला.

बँकेचं वेगळंच. मॅनेजर म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आलाय, म्हणजे तुम्हीच दिला." मी ओटीपी कुणालाही तोंडानं सांगितला नाही, कुठंही टाईप केला नाही. मी लेखी विचारलं: नवीन लाभार्थी, म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे गेले तो, किती वाजता जोडला गेला, कुठल्या उपकरणावरून, आणि पहिल्याच दिवशी एवढी रक्कम कशी जाऊ दिली? अर्जाची पोच द्यायला तयार नाहीत. पाच रुपयांच्या पावतीशिवाय मी नोंद करत नाही आणि इथं ८७,५०० च्या अर्जावर एक शिक्का मारायचं जिवावर आलं. मेल केला तर उत्तर, व्यवहार ग्राहकाच्या पासवर्डनं झाला, तक्रार बंद. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर आहे. सिद्ध करा की मग! परिपत्रकाची प्रत पुढं ठेवली तर साहेबांनी ती उलटूनही बघितली नाही. बँकेचं उत्तर पटलं नाही किंवा तीस दिवसांत आलंच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फी नाही. ती केली आहे. तुम्हीही बँकेत तोंडी काही बोलू नका, सगळं लेखी. पोच देत नसतील तर त्यांच्यासमोरच मेल करा.

कुणाच्या बाबतीत असं घडलं असेल तर आधी नेटची वायर काढा. मोबाईलवरचं ते ॲप काढून फोन रिसेट करा. पासवर्ड दुसऱ्याच्या फोनवरून बदला, त्याच मशीनवरून नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवले असतील तर ते सगळेच गेले समजा, मेलचासुद्धा.

मशीनला शेवटी रिपेअरवाल्या भाऊंकडूनच एसएसडी बसवली. २,४०० रुपये, बोलले तेवढेच. त्यांनी टास्क मॅनेजर उघडून दाखवलं, चालू होताना हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर अडकून बसायची, दुखणं तेवढंच होतं. जुनी हार्डडिस्क तपासाला लागेल म्हणून मी तशीच ठेवली आहे. ठाण्यात सांगितलंय. अजून कुणी मागितली नाही.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. सायबर विभागातून बोलतोय म्हणे. माझा तक्रार क्रमांक बरोबर सांगितला, रक्कम बरोबर सांगितली. पैसे सापडलेत, परत करायला फाईल चार्ज १,९९९ रुपये, लिंक पाठवतो. तक्रारीचा क्रमांक त्यांच्याकडं कसा गेला हे मी ठाण्यात लेखी विचारलं आहे. ज्यांचे पैसे गेलेत त्या सगळ्यांना असे फोन येणार. होल्डवरची रक्कम थेट खात्यात येते, त्यासाठी पोलीस फोनवर एक रुपयाही मागत नाहीत. त्या फोनचा नंबर मी १९३० च्या तक्रारीत जोडला आहे.