असिन तिबुओक: चुलीवर शिजवलेलं अख्खं मीठ

मी उरणचा आगरी. आजोबांचं मिठागर होतं, त्यामुळे मिठातलं मला कुणी काही शिकवू नये अशी घमेंडही होती. ती आमच्या जहाजावरच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, उतरवली. मी तिथे चीफ कूक, तो फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरचा. रोज सकाळी लसूण घालून परतलेला भात आणि अंडं मागायचा आणि वर आपल्या डबीतली करडी पूड भुरभुरायचा. माझ्या गॅलीतलं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातलं, मीठ त्याला चालत नसे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पुढे सुट्टीत त्याच्या घरी गेलो. शेजारच्या सेबू बेटावरून दोनेक तास बोटीने बोहोलचं बंदर ताग्बिलारान, तिथून जवळच किनाऱ्यावर आल्बुर्केर्के गाव. ती पूड तिथली. 'असिन' म्हणजे मीठ, 'तिबुओक' म्हणजे अख्खं. नाव अगदी सरळ, कारण हे मीठ सुटं नसतंच. मडक्यात घट्ट बसलेला एक गोळा असतो. मडक्याचा तळ आचेने फुटून गेलेला, वर फक्त काठाची टोपी. परदेशी लोक त्याला डायनोसॉरचं अंडं म्हणतात. दुकानदारांना नाव आवडतं, मला नाही.

आमच्याकडे बांध घालायचा, भरतीचं पाणी घ्यायचं, बाकी काम ऊन करतं. बोहोलमध्ये पाऊस वर्षभर केव्हाही येतो, उनाच्या भरवशावर बसून चालायचं नाही. म्हणून तिथे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने भिजत टाकतात. मग तोडून वाळवायची आणि कित्येक दिवस धुमसत जाळायची. ती राख बांबूच्या मोठ्या नरसाळ्यांत भरून वरून समुद्राचं पाणी सोडायचं. खाली झिरपतं ते 'तासिक', म्हणजे दाट खारवणी. ओळीने टांगलेल्या मडक्यांत ते तासन्‌तास आटवायचं, आटलं की पुन्हा ओतायचं, गोळा धरेपर्यंत. चुलीपाशी मी वीस मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर पळालो. जहाजाच्या गॅलीत आयुष्य गेलेला माणूस सांगतोय हे.

पूर्वी हीच मडकी देऊन बदल्यात भात आणत. मग 1995 मध्ये फिलिपिन्समध्ये मिठात आयोडीन घालण्याचा कायदा आला. असा गोळा करणारे आधीच थोडे होते, त्यात बिनआयोडीनचं मीठ विकणं अवघड झालं. आता मोजकीच घरं हे करतात.

आता चवीचं. जिभेवर आधी खारट, टोचणारं, मग धूर, आणि शेवटी किंचित गोडसर काहीतरी, करवंटी चुलीत जळताना वास येतो ना, तसं. गरम भातावर तूप न घालता नुसतं किसून बघा. उकडलेल्या अंड्यावर उत्तम. कैरीच्या फोडींवर तर त्याहून भारी, तिखटाची गरजच लागत नाही. आमटीत मात्र टाकू नका, मी टाकलं आणि पैसे पाण्यात गेले: धूर कुठल्या कुठे, उरला नुसता खारटपणा. सुक्या जवळ्यावरही वाया जातं, जवळ्याचा वास त्याला दबवतो.

किंमत जड आहे. एका मडक्याच्या पैशांत आमच्या घरी तीन-चार वर्षांचं मीठ येईल. पण ती चूल पाहिल्यावर घासाघीस करायला माझं तोंड उघडलं नाही. रोजच्या मिठाच्या जागी हे वापरू नका, आयोडीन लागतंच. हे वरून घ्यायचं मीठ आहे.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पावसाळ्यात ते उघडं ठेवलंत तर घाम फुटल्यासारखं पाझरतं. माझ्याकडे जुलैत फडताळाच्या फळीवर करडा ओघळ उतरला. आता तांदूळ घातलेल्या बरणीत कापडात गुंडाळून ठेवतो आणि जायफळाच्या किसणीवर लागेल तेवढंच किसतो.

आई पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढ्या लांबून राखुंडी आणलीस?" मग कैरीची एक फोड खाल्लीन्, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बरणी माझ्या कपाटातून तिच्या चुलीशेजारी गेली होती. पुढच्या खेपेला बोसनकडे दोन मडकी सांगितली आहेत.