पणजीतलं एक बार-रेस्टॉरंट : जेवणाला चार, बिलाला तीन तारे

हुमण (माशाची आमटी) दाट, आंबटपणा सोलांचा, इसवण (सुरमई) रव्यात कुरकुरीत. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यात मात्र रेती लागते. खरी गंमत बिलात आहे.

जेवणावर ५ टक्के जीएसटी: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. दारू जीएसटीबाहेर. तिच्यावर राज्याचा अबकारी कर आणि व्हॅट (विक्रीवरचा कर), म्हणून फेणीच्या पेगवर जीएसटी लावला असेल तर ते बिलच चूक. इथं जेवण आणि दारू वेगवेगळे छापतात, हे चांगलं. अबकारी कर मात्र बाटलीच्याच किमतीत मुरलेला असतो. तो वाढला की बिलात ओळ दिसत नाही, मेनूकार्डावर नवा स्टिकर दिसतो.

थाळी महागण्याचं एक कारण कमी लोकांना ठाऊक असतं. ५ टक्क्यांच्या दरात हॉटेलवाल्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. दुकानाच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी तसाच खर्चात जातो आणि शेवटी ताटात उतरतो.

एक तारा कापला तो सर्व्हिस चार्जसाठी. तो कर नव्हे, ऐच्छिक आहे. १००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के लावला की जीएसटी ११०० वर बसतो: ५० ऐवजी ५५. पैसे देण्याआधीच काढायला सांगा. इथं सांगितल्यावर मुकाट काढतात. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.