दान आलेलं तैलचित्र आणि गिरगावातली दुरुस्ती कार्यशाळा

दादरच्या एका ग्रंथालयाला चित्रकाराच्या पुतण्याने भेट दिलेलं हे व्यक्तिचित्र: नऊवारीतली बाई, 30 बाय 24 इंच, कॅनव्हासवर. धूळ, काजळी आणि पिवळं पडलेलं वॉर्निश यामुळे चेहरा काढ्याच्या रंगाचा झाला होता. गिरगावातल्या कार्यशाळेने केलेलं दुरुस्तीचं काम एकूण चोख झालं आहे, आणि सगळ्यात जास्त गुण चित्राच्या पाठीमागच्या कामाला.

जुनी चौकट किडलेली दिसली की बरेच फ्रेमवाले ती फेकून कॅनव्हास नव्या लाकडावर ठोकतात. इथे जुनं स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून धरणारी ती लाकडी चौकट, ठेवून फक्त कोपऱ्यांतल्या हरवलेल्या पाचरी नव्या बसवल्या. त्यामुळे आडव्या पट्टीवरची बॉम्बे आर्ट सोसायटीची चिठ्ठी वाचली: प्रदर्शनातला क्रमांक, मागितलेली किंमत, खेतवाडीचा पत्ता. सोसायटी 1888 पासूनची. तिच्या त्या काळच्या वार्षिक यादीत क्रमांक जुळला, तर साल आणि शीर्षक दोन्ही हाती लागतात. चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धुरंधर मास्तरांकडे (चित्रकार म. वि. धुरंधर) शिकले, असं घरचे सांगतात. धुरंधर 1931 मध्ये तिथून निवृत्त झाले, म्हणजे शिक्षण त्याआधीचं. पुढे जन्मभर शाळेत ड्रॉइंग मास्तर, चित्रं सुट्टीत. अशा माणसाचं चरित्र कोणी लिहीत नाही. जे काही उरतं ते या पट्टीवर.

पुढच्या बाजूचं काम योग्य क्रमाने केलं. आधी अतिनील दिव्याखाली तपासणी: जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं, नंतर कोणी लावलेला रंग काळा दिसतो. गालावर असा एक डाग निघाला. मग सुटू पाहणारे पापुद्रे चिकटवले. हे न करता बोळा फिरवला तर रंगच बोळ्याला येतो. काजळी काडीवरच्या कापसाने, शुद्ध पाण्यात भिजवून काढली. जुनं वॉर्निश काढण्यासाठी कडेला नखाएवढ्या चौकोनांत द्रावण तपासलं. केसांतला पातळ तपकिरी थर विरघळू लागताच तिथे हात आवरला, म्हणून केस किंचित पिवळेच आहेत. ते तसेच बरे. उजव्या कोपऱ्यात सही वर आली.

दोन इंचांची चीर ठिगळ न लावता भिंगाखाली धागा धाग्याला जोडून सांधली. ठिगळाचा उंचवटा काही वर्षांनी पुढून दिसतो. रंगभरणी फक्त रंग उडालेल्या जागी, आणि पुन्हा काढता येईल अशा रंगांनी.

उणिवा आहेत. शेवटचं वॉर्निश फार चकाकतं, ट्यूबलाइटखाली अर्धा चेहरा दिसत नाही. अर्धमंद झाक हवी, हे आधीच सांगावं. फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावले नाहीत, त्यामुळे ती भिंतीला चिकटते आणि पावसाळ्यात ओल थेट कॅनव्हासला लागते. मुदतही चुकली: दमट हवेत वॉर्निशवर दुधाळ झाक येते, म्हणून थांबावं लागलं. मुंबईत असं काम दिवाळीनंतरच द्यावं. अंदाजपत्रक मात्र टप्प्याटप्प्याने लेखी दिलं, आधीचे-नंतरचे फोटोही.

घरी बटाटा, कांदा किंवा जवसाचं तेल चोळून चित्र ‘ताजं’ करणाऱ्यांनी इकडे यायच्या आधीच थांबावं. तेल पुन्हा पिवळं पडतं आणि काढताना मूळ रंगाला धोका असतो.

राहिली ग्रंथालयाची पितळी पाटी. ‘सप्रेम भेट’ खाली देणाऱ्याचं नाव ठळक, चित्रकार ‘अज्ञात’. सही दिसू लागल्यावर तरी ती बदलायला हवी.