शॉवरच्या पडद्यावरची बुरशी: व्हिनेगर, ब्लीच की ऑक्सिजन ब्लीच?

पडद्याची खालची शिवण उलटून बघा. काळे ठिपके बहुतेक वेळा तिथेच आधी दिसतात. दुमडीत पाणी अडून राहतं आणि साबणाचा चिकट थर बुरशीला आयता खाऊ पुरवतो. काहीही वापरायचं ठरवा, आधी हा थर भांड्यांच्या साबणाने आणि मऊ ब्रशने काढा. नाहीतर ब्लीचची निम्मी ताकद मळावरच खर्च होते.

व्हिनेगरचं खरं काम हा पांढुरका थर विरघळवणं. जड पाण्यात साबण फाटून तो तयार होतो. 5 टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फवारा, अर्धा तास ठेवा, घासून धुवा. कोवळी बुरशीही जाते, पण सगळ्या जाती मरत नाहीत आणि मुरलेला काळा डाग जेमतेम फिका होतो. त्यात खाण्याचा सोडा ओतण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. हाती उरतं ते जवळपास नुसतं पाणी. सोडा वापरायचाच तर कोरडा, घासायला.

काळ्या डागांवर क्लोरीन ब्लीचच सरस. साध्या घरगुती, 5 टक्क्यांच्या आसपासच्या ब्लीचचा 1 भाग, गार पाण्याचे 9 भाग. 10 मिनिटं डाग ओला राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा, उरलेलं नंतर कमजोर पडतं. प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हिनाइल किंवा पीईव्हीएच्या पडद्याला एवढ्याने धक्का लागत नाही. रबर आणि लेटेक्स मात्र वारंवारच्या ब्लीचने कडक होऊन चिरतात. रंगीत सुती पायपुसण्याचं तर विचारूच नका. पडद्याच्या कडीचा गंज ब्लीचने निघत नाही, उलट पक्का बसतो. आणि ब्लीच व्हिनेगरसोबत किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरसोबत कधीही वापरू नका: पहिल्या जोडीतून क्लोरीन वायू सुटतो, दुसरीतून क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये दोन्ही घातक. आज व्हिनेगर मारलं असेल तर पडदा नीट धुऊन ब्लीच दुसऱ्या दिवशी.

कापडासाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, आमच्या मते सर्वांत बरी. पॉलिएस्टरचा पडदा आणि पक्क्या रंगाचं सुती पायपुसणं दोन्हीला चालते. 5 लिटर पाण्यात 50 ग्रॅम. पाणी 40 अंश किंवा त्याहून गरम असलं तरच ती जोमाने काम करते. गार पाण्यात टाकून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे इथेच चुकतात. पॉलिएस्टर 3-4 तास भिजवा. मागे लेटेक्सचा थर असलेलं पायपुसणं मात्र 40 अंशांच्याच पाण्यात, तासाभरापेक्षा जास्त नको. उरलेलं द्रावण झाकणबंद बाटलीत भरू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

मशीनमध्ये प्लॅस्टिकचा पडदा चालतो, पण एकटा नाही. सोबत दोन टॉवेल टाका, तेच ब्रशचं काम करतात. 30 अंश, नाजूक सायकल, फिरकी बंद: पडद्यात पाणी अडकून ड्रम हेलकावे खातो. ड्रायरमध्ये अजिबात नको. दांडीवर पूर्ण पसरून वाळवा.

सक्शन कपवाल्या रबरी मॅटला घासण्याशिवाय गत्यंतर नाही. ती उलटी करा, एकेका कपाच्या आतली कड जुन्या टूथब्रशने घासा. बुळबुळीत थर तिथेच साचतो. पाठीला व्हिनेगर पुरतं. तो थर गुलाबी असेल तर ती बुरशी नव्हे, बहुतेक सेराशिया नावाचे जिवाणू असतात. साबणाने घासून मग पातळ ब्लीच, पण रबर आहे म्हणून 5 मिनिटांत धुऊन टाका. मॅट रोज अंघोळीनंतर उचलून उभी टांगली की हा थर धरायला वेळच मिळत नाही.

फोमची मॅट आतून काळी पडून कुबट वास मारू लागली असेल तर यातलं काहीच आतपर्यंत पोचत नाही आणि फोम पुरता वाळतही नाही. ती टाकून द्या. स्वस्त प्लॅस्टिकचा पडदा ताठ होऊन चुरगळल्यासारखा झाला असेल तर त्याचंही तेच.