इपॉक्सीत नॅनोट्यूब मिसळायच्यात: प्रोब सोनिकेटर की थ्री रोल मिल?

इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) आणि एमडब्ल्यूसीएनटी (अनेक थरांच्या कार्बन नॅनोट्यूब) घेऊन काम सुरू करणारे ज्युनियर हे हमखास विचारतात, म्हणून वापरून जे कळलं ते लिहितोय. माझं रेझिन एलवाय ५५६ होतं, तुमचं वेगळं असेल तर थोडाफार फरक पडेल.

सोनिकेटर, म्हणजे टिप द्रवात बुडवून अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडणारं यंत्र, बहुतेक लॅबमध्ये असतो आणि छोट्या बीकरमध्येही काम भागतं, सीएनटीचे भाव बघता हे महत्त्वाचं आहेच. पण काकवीसारख्या घट्ट रेझिनमध्ये कॅव्हिटेशन (बुडबुडे तयार होऊन फुटणं, गुठळ्या त्यानेच सुटतात) टिपच्या आसपासच होतं, कडेच्या गुठळ्या तशाच राहतात. मग पातळ करायला अ‍ॅसिटोन घालायचं, आणि मला नको झालं ते इथेच. ते घालायला दोन मिनिटं, काढायला मात्र हॉटप्लेट, मग रात्रभर व्हॅक्यूम ओव्हन, तरी थोडं उरतंच, आणि डीएससीत (तापवून मोजायच्या चाचणीत) टीजी, म्हणजे कडक रेझिन मऊ व्हायला लागतं ते तापमान, खाली आलेला दिसला की हा परिणाम नॅनोट्यूबचा की उरलेल्या अ‍ॅसिटोनचा हे छातीठोकपणे सांगताच येत नाही. शिवाय ते उडत असतानाच सुट्या झालेल्या ट्यूब व्हॅन डर वाल्समुळे (आपसातल्या आकर्षणामुळे) परत एकमेकींना चिकटायला लागतात, म्हणजे केलेलं काम अर्धं पाण्यात. आणि जास्त वेळ सोनिकेट केलं तर ट्यूब तुटतात, लांबी गेली की कंडक्टिव्हिटीचं जाळं जमायला जास्त सीएनटी लागतात.

मिलमध्ये सॉल्व्हंटच नाही. तीन रोल वेगवेगळ्या स्पीडने फिरतात, गॅप टप्प्याटप्प्याने ५ मायक्रॉनपर्यंत आणायची. गॅप ट्यूबच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठी असते, पण गुठळी सोडवतं ते शिअर (रोलच्या वेगांतल्या फरकाने माल घासला-ताणला जाणं), आणि सगळा माल त्या गॅपमधून जातोच, कोपऱ्यात काही राहत नाही. हॅम्बुर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या गोयनी, शुल्टे वगैरेंनी २००४ मध्ये याच पद्धतीने फक्त ०.१ टक्का डबल-वॉल ट्यूब घालून इपॉक्सीची फ्रॅक्चर टफनेस (तडा पसरू न देण्याची ताकद) वाढलेली दाखवली होती. त्रास म्हणाल तर रोल साफ करणं कंटाळवाणं आहे, रेझिन रोलवर राहून वाया जातं, अगदी छोटी बॅच जमत नाही. हार्डनर अर्थात मिलिंग झाल्यावरच.

पीव्हीएसारखं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्यात विरघळणारं पॉलिमर आणि पातळ फिल्म असेल तर सोनिकेटरच बरा, त्यात वाद नाही. इपॉक्सी असेल तर मात्र माझ्या मते मिल शोधाच. ही मशीन मुळात शाई-पेंटवाल्यांची, त्यामुळे सरफेस कोटिंगच्या डिपार्टमेंटमध्ये चौकशी करा, फक्त किमान गॅप किती सेट होते ते आधीच विचारून घ्या, जुन्या मिलवर ५ मायक्रॉन जमेलच असं नाही.