ऑक्सफर्डचा बृहत्कोश: 'सेट' या शब्दावर घासून पाहिलेला

मोठ्या शब्दकोशाची परीक्षा अवघड शब्दांवर करू नये, कारण ते बहुतेक कोशांत सारखेच आढळतात. रोजच्या वापरातल्या शब्दाला तो कोश कसा भिडतो हे पाहावे. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या ऑनलाइन आवृत्तीसाठी मी 'सेट' हा शब्द निवडला. १९८९च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत या एकट्या क्रियापदाचे ४३०हून अधिक अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांची नोंद होती आणि त्या आवृत्तीतील ती सर्वांत मोठी नोंद होती. (पुढे २०११च्या सुमारास 'रन'ने ६४५ अर्थांसह हा मान पटकावला.)

या कोशाचे खरे बळ त्याच्या मांडणीत आहे. १८७९मध्ये संपादक झालेल्या जेम्स मरे यांच्या काळापासून येथे अर्थ ऐतिहासिक क्रमाने, सर्वांत जुना आधी, असे दिले जातात आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे असतात. त्यामुळे हाड बसवणे, सापळा लावणे, सिमेंट घट्ट होणे, सूर्य मावळणे हे वरवर असंबद्ध वाटणारे अर्थ एका खोडाच्या फांद्या म्हणून दिसू लागतात. जुन्या इंग्रजीतील 'सेटान' हे 'बसणे' या अर्थाच्या क्रियापदाचे प्रयोजक रूप होते. आपण 'बसणे'वरून 'बसवणे' केले, तसेच. त्याच मूळच्या संस्कृत 'सद्' धातूपासून सदन, संसद आणि उपनिषद हे शब्द झाले.

पण वस्तूंचा संच दाखवणारे नाम 'सेट' मुळात या घरातले नाही. ते जुन्या फ्रेंचमधून आले, त्यामागे लॅटिनमधील 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट किंवा पंथ आणि त्याच्याही मागे 'अनुसरणे' या अर्थाचा धातू आहे, ज्याचे संस्कृत भावंड 'सच्' आपल्याला 'सचिव' या शब्दात भेटते. नंतर क्रियापदाशी असलेल्या उच्चारसाम्यामुळे दोन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांत इतके मिसळले की आज इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे दोन वेगळे शब्द आहेत असे जाणवत नाही. हा सांधा उलगडून दाखवण्यासाठी कोशाने नामाच्या वेगवेगळ्या नोंदी केल्या आहेत, ही काटेकोर वृत्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

उणीव याच गुणातून येते. आजचा रूढ अर्थ हवा असलेल्या वाचकाला शेकडो वर्षे जुन्या, क्वचित मृत अर्थांच्या गर्दीतून वाट काढावी लागते आणि ४३० अर्थांच्या नोंदीत ती वाट लांबच असते. घाईच्या भाषांतरासाठी किंवा नवशिक्या विद्यार्थ्यासाठी हा कोश सोयीचा नाही. त्यांना छोटा, प्रचलित अर्थ आधी देणारा कोश अधिक उपयोगी पडेल.

पूर्ण मजकुरासाठी वर्गणी लागते, मात्र अनेक विद्यापीठीय व सार्वजनिक ग्रंथालये आपल्या सभासदांना प्रवेश देतात, म्हणून पैसे भरण्याआधी तिथे चौकशी करावी. केवळ व्युत्पत्ती पाहायची असल्यास डग्लस हार्पर यांचे 'एटिमऑनलाइन' विनामूल्य आहे आणि 'सेट'ची ही दोन मुळे तेही थोडक्यात, सुबोधपणे सांगते. अर्थ कोणत्या वाक्यात, कोणत्या साली बदलला याचे सविस्तर पुरावे मात्र तिथे मिळत नाहीत.