फ्री ट्रान्सफरवरचा झ्लाटान: सौदा कसा ठरला?

जुलै 2016 मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने 34 वर्षांच्या झ्लाटान इब्राहिमोविच या स्ट्रायकरला (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) फ्री ट्रान्सफरवर घेतलं. फ्री म्हणजे फक्त जुन्या क्लबला द्यायची ट्रान्सफर फी शून्य. पगार, सायनिंग बोनस, एजंटचं कमिशन चुकत नाही, आणि पुढे विकून हाती काही येत नाही.

तरी 46 सामन्यांत 28 गोल म्हणजे पैसा वसूल! लीग कप फायनलमध्ये 87व्या मिनिटाला सहकारी एरेराच्या क्रॉसवर (बाजूने आलेल्या पासवर) मोकळ्या जागेतून हेडर, साउदॅम्प्टनविरुद्ध 3-2. पाय मंदावले तरी जागा हेरणं जात नाही.

खोट वापरात होती. पस्तिशीतल्या माणसाला जवळपास प्रत्येक सामन्यात उतरवलं. एप्रिल 2017 मध्ये अँडरलेख्टविरुद्ध उडी मारून खाली येताना गुडघ्याचे लिगामेंट गेले. करार एकाच वर्षाचा, म्हणून क्लब अडकला नाही. असा स्ट्रायकर घ्यायचा तर मुदतवाढ सामन्यांच्या संख्येला बांधावी, आणि आठवड्यात दोन सामने असतील तर एकात बाकावरच बसवावं.